मेजावरील लुट्झेनची लढाई

विद्यार्थिमित्रहो, बुद्धिबळाचा डाव म्हणजे सैन्याचीच प्रतिकृति, हें आपण जाणतां. परंतु त्यांत शत्रूचें प्रत्येक प्यादें आपणांस दिसतें. रणांगणावर तसें नसतें. हें ओळखून राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्यानें इ. स. १८२४ मध्यें एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत पटाच्या जागीं नकाशा, सोंगट्यांच्या जागीं पलटणी, आणि हानि ठरविण्यास फांसे असतात. सेनापतीस प्रत्यक्ष जेवढें दिसलें असतें, तेवढेंच पंच खेळाडूस सांगतो.

आमच्या वर्गांत आम्हीं याच रीतीनें इ. स. १६३२ ची लुट्झेनची लढाई मांडली. एका बाजूस प्रॉटेस्टंट स्वीडनचा राजा गस्टाव्हस अडॉल्फस, दुसरीस कॅथॉलिक सम्राटाचा सेनापति वालेन्स्टाइन. तारखेबद्दलही उभयतांत एकमत नव्हतें. एकाच्या पंचांगांत ६ नोव्हेंबर, तर दुसऱ्याच्या १६! मेजावर वाळू पसरून लाइप्झिगचा रस्ता व त्याच्या कडेचे खंदक काढले. स्वीडनचें सैन्य सुमारें १९,००० होतें. एक चिंचोका ५०० शिपायांचा धरून ३८ चिंचोके मांडले. सम्राटाकडे कवड्या दिल्या. पापेनहाइमचे स्वार मागाहून यावयाचे, म्हणून त्यांच्या कवड्या पंचानें मुठींत ठेवल्या. त्या दिवशीं दाट धुकें होतें, म्हणून मध्यें पडदा धरला. त्याच धुक्यांत थोड्या स्वारांसह पुढें गेलेला राजा शत्रूच्या घोळक्यांत सांपडून मारला गेला. तरी संध्याकाळीं रणभूमि स्वीडनच्याच हातीं राहिली.

मी स्वतः प्रॉटेस्टंट आहें. चिंचोक्यांची सरशी होतांना मला आनंद झाला, हें मी कबूल करितों. इतक्यांत एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग खरा धर्म यांचा ठरला काय?” मला उत्तर सुचेना. दुसरे दिवशीं मीं वर्गास पुढील हकीकत सांगितली. इ. स. १६३५ मध्यें कॅथॉलिक फ्रान्स उघडपणें प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूनें लढाईंत उतरला, आणि फ्रान्सचा मुख्य प्रधान रिशल्यू हा तर कॅथॉलिक धर्माचा कार्डिनल होता! धर्माच्या निशाणाखालीं राज्यलोभही चालत होता.

तीस वर्षांचें तें युद्ध इ. स. १६४८ मध्यें संपलें. मानपानाचा तंटा नको म्हणून तहाची बोलणीं दोन गांवीं झालीं: फ्रान्सशीं म्युन्स्टर येथें व स्वीडनशीं ओस्नाब्रुक येथें. त्र्यंबकच्या मुलांस यांत नवल वाटूं नये. सिंहस्थांत प्रथम स्नान कोणाचें, यावरून शैव व वैष्णव साधूंत रक्तपात झाला, तेव्हां पेशवाईंत अशीच तोड निघाली. शैवांनीं कुशावर्तांत आणि वैष्णवांनीं नाशिकच्या रामकुंडांत स्नान करावें. ती वहिवाट आजही चालते, आणि दोन्ही ठिकाणीं पाणी एकाच गोदावरीचें आहे.

मुलांनो, हा खेळ अवश्य खेळा; परंतु प्रत्येकानें एकदां पंच व्हावें. पडद्याच्या दोन्ही बाजू त्यालाच दिसतात. आणि डाव संपल्यावर चिंचोके मोजतांना स्मरावें कीं, लुट्झेनच्या शेतांत पडलेला प्रत्येक चिंचोका म्हणजे पांचशें मातांचे पुत्र होते.