पिस्तुलाच्या मुठीचे यंत्र

फळीला भोक पाडावयाचे असले म्हणजे सुतार पूर्वी गिरमिट हाती घेत. मनगट भरून येई, तेव्हा कोठे त्याचे टोक पलीकडे दिसे. लोखंडाला भोक पाडणे तर याहूनही कष्टाचे.

हे श्रम विजेवर सोपवावेत, ही कल्पना काही नवी नव्हती. 1895 साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे विल्हेल्म एमिल फाइन यांच्या कारखान्यात, हातात धरून चालविता येईल असे भोके पाडण्याचे विद्युत्‌यंत्र तयार झाले होते. पण अशी यंत्रे अवजड असत. ती पेलण्यातच दोन्ही हात गुंतून पडत.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी अलोन्झो डेकर व डंकन ब्लॅक हे दोन मित्र होते. डेकर हे कुशल कारागीर, तर ब्लॅक व्यापारात तरबेज. 1910 साली त्यांनी लहानसा कारखाना काढला. भांडवलासाठी ब्लॅक यांनी आपली मोटारगाडी 600 डॉलरांना विकली. तेवढीच रक्कम डेकर यांनी कर्जाने उभी केली. धंदा बुडता, तर एकाची गाडी गेलेलीच होती आणि दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज राहिले असते! आरंभी दुधाच्या बाटल्यांची झाकणे बनविण्याची यंत्रे, असली इतरांनी सांगितलेली कामे करून त्यांनी दिवस काढले.

पुढे त्यांनी भोके पाडण्याचे यंत्र हाती घेतले. त्याला पिस्तुलासारखी मूठ बसविली आणि चापाच्या जागी विजेचा खटका ठेवला. बोटाने चाप दाबावा, की यंत्र फिरू लागे. बोट सोडावे, की ते थांबे. दिसावयास किती क्षुल्लक गोष्ट! परंतु यंत्र आवरण्यासाठी मुठीवरचा हात आता काढावा लागत नसे. त्यातील मोटर एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चाले, हीही मोठीच सोय होती. कारण त्या काळी सर्वत्र एकाच प्रकारची वीज मिळत नसे. 1917 साली त्यांना या यंत्राचे पेटंट मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात कामगार कारखान्यांतील ही यंत्रे घरी नेऊ लागले. हे ध्यानी येताच, युद्ध संपल्यावर कंपनीने घरगुती वापराची स्वस्त यंत्रे काढली. 1956 साली डेकर वारले. 1961 साली त्यांच्या कंपनीने तारेवाचून, विद्युत्‌घटावर चालणारे यंत्र बनविले.

चंद्रावर तर वीज नाही. तेथील जमीन खोल पोखरण्यासाठी याच कंपनीच्या साहाय्याने घटावर चालणारे यंत्र तयार करण्यात आले. 1971 साली अपोलो 15 मधील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी ते चालविले. नळी जमिनीत गेली खरी, पण ती बाहेर येईना. अखेर स्कॉट व जेम्स आयर्विन या दोघांनी खांदे लावून ती उपसून काढली.