एका यंत्रात अनेक यंत्रे

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वस्ती कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या मंदिरावरून ओळखली जाते. या देवीचे मूळ स्थान बदामीजवळ असून महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अशा वस्त्यांतील घरांनाच कचेऱ्यांचे रूप आले. दूरसंचार विभागाने त्याआधी, १३ मार्च रोजी, सेवा-केंद्रांच्या नियमांत सवलत देऊन घरून काम करण्याची वाट मोकळी केली होती. परंतु केवळ नियम सैल झाल्याने काम होत नाही. बँकेच्या ग्राहकांचा तपशील घरच्या संगणकावर उतरवून घेणे धोक्याचे, आणि कचेरीतील संगणक तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. ही अडचण ज्या उपायांनी दूर झाली, त्यांपैकी एक म्हणजे ‘आभासी डेस्कटॉप’ होय. तो समजण्यासाठी प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

चाळ आणि चाळमालक

पूर्वी कचेरीत प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र सर्व्हर ठेवीत. पगारपत्रकाचा एक, टपालाचा दुसरा, हिशेबाचा तिसरा. यांतील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच काळ जवळजवळ रिकामी असत; वीज आणि जागा मात्र पूर्ण खात. एकाच कुटुंबाने प्रशस्त वाडा अडवून ठेवावा, तसाच हा प्रकार होता.

यावर उपाय असा की, एका मोठ्या यंत्रावर ‘हायपरवायझर’ नावाची आज्ञावली बसवावयाची. चाळमालक जसा खोल्या आखून देतो, तशी ही आज्ञावली यंत्राची स्मृती, प्रक्रियकाचा वेळ आणि साठवणीची जागा वाटून देते. अशा प्रत्येक वाट्याला आभासी यंत्र म्हणतात. त्याच्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीला आपण स्वतंत्र संगणकावरच आहोत असे वाटते. शेजारच्या खोलीत काय चालले आहे, हे तिला दिसत नाही. मूळ यंत्रास यजमान आणि आभासी यंत्रास पाहुणा असे म्हणण्याचा प्रघात आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकातच ती प्रत्यक्षात आणली, आणि १९७२ मध्ये त्या कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणत्या यंत्राचे असे विभाजन सुकर होईल, याचे नियम मांडले. साध्या संगणकांत वापरले जाणारे प्रक्रियक या नियमांत बसत नव्हते. तरीही १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने आज्ञावलीच्या युक्तीने ती उणीव भरून काढली. पुढे २००५ आणि २००६ या वर्षांत इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकातच त्यासाठी सोय केली, आणि ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

दोन नव्हे, तीन

समजा, एका कचेरीत दहा सर्व्हर आहेत आणि प्रत्येकास १६ गिगाबाइट स्मृती लागते. एकूण गरज १६० गिगाबाइट झाली. १२८ गिगाबाइटची दोन यजमान यंत्रे घेतली तर २५६ गिगाबाइट मिळतात. म्हणजे दोन पुरेत असे वाटेल. पण एक यंत्र बंद पडले की उरतात १२८, आणि दहांपैकी दोन सर्व्हरांना थारा मिळत नाही. तीन यंत्रे घेतली तर एक बंद पडूनही २५६ गिगाबाइट शिल्लक राहतात. म्हणून जाणते व्यवस्थापक एक यंत्र कमी धरूनच हिशेब मांडतात.

आभासी यंत्राची तबकडी ही वस्तुतः एक मोठी फाईल असते. ती सर्व यजमानांना पोहोचेल अशा सामायिक साठवणीत ठेवली, तर एक यजमान पडताच त्याचे पाहुणे दुसऱ्यावर पुन्हा सुरू करता येतात. इतकेच नव्हे, तर चालू यंत्रही हलविता येते. प्रथम त्याची स्मृती नव्या यजमानावर उतरवितात. तेवढ्यात जो भाग बदलला असेल तो पुन्हा उतरवितात. असे करता करता उरलेला भाग अगदी थोडा झाला की, क्षणभर यंत्र थांबवून ते दुसरीकडे सुरू करतात. काम करणाऱ्याला बहुधा याचा पत्ताही लागत नाही.

मेजावरचा संगणक दूर गेला

हीच रीत कर्मचाऱ्याच्या संगणकास लावली की आभासी डेस्कटॉप तयार होतो. संगणक संगणक-केंद्रातच चालतो. घरी येते ते केवळ पडद्यावरचे चित्र, आणि परत जातात त्या कळफलकाच्या व माउसच्या खुणा. व्यवस्था नीट आखली असेल तर ग्राहकांच्या फाइली केंद्राबाहेर पडत नाहीत. मात्र सकाळी नऊ वाजता शेकडो डेस्कटॉप एकदम सुरू झाले की साठवणीवर मोठा ताण येतो. म्हणून काही डेस्कटॉप आधीच सुरू करून ठेवतात.

१९ जुलै २०२४ चा धडा

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाईल जगभर पाठविली गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. बंगळूरसह अनेक विमानतळांवर विलंब झाला. भारतात काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. कंपनीने सुमारे सव्वा तासात फाईल मागे घेतली; पण पडलेले यंत्र सुरूच होत नसल्याने दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचेना. बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञाला एकेका मेजापाशी जाऊन ती फाईल हाताने काढून टाकावी लागली.

आभासी सर्व्हरही यातून सुटले नाहीत. आतील कार्यप्रणाली तीच, म्हणून रोगही तोच. उपचार मात्र सोपा होता. पडलेल्या यंत्राची तबकडी सोडवून दुसऱ्या धडधाकट आभासी यंत्रास जोडावी, सदोष फाईल काढावी आणि तबकडी पूर्ववत लावावी; हे सर्व जागेवरून न उठता. जे डेस्कटॉप दर वेळी मूळ नमुन्यावरून नव्याने तयार होतात, त्यांच्या नमुन्यात ती फाईल शिरली नसेल तर पुन्हा सुरू करणे हाच उपाय.

यावरून आभासीकरण म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हे दिसून येईल. चाळीला आग लागली तर सर्वच बिऱ्हाडे संकटात येतात. तद्वत हायपरवायझर शत्रूच्या हाती पडला तर सर्व पाहुणे त्याच्या हाती जातात. एका बिऱ्हाडाने नळ सोडून ठेवला तर इतरांचे पाणी तुटते. तसेच एक हावरे यंत्र शेजाऱ्यांना मंद करते. यंत्राची क्षणस्थिती, जिला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात, ती बहुधा त्याच साठवणीत असते. साठवण जळाली की तीही जाते. म्हणून खरी राखीव प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि तिच्यावरून यंत्र पुन्हा उभे राहते की नाही, हे अधूनमधून करून पाहावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात दहाऐवजी अठरा सर्व्हर असते, तर किती यजमान यंत्रे घ्यावी लागली असती?
२. स्नॅपशॉट आणि राखीव प्रत यांत फरक कोणता?
३. आभासी डेस्कटॉप वापरणाऱ्याच्या घरचे इंटरनेट बंद पडले तर त्याच्या कामाचे काय होईल, आणि त्याच्या फाइलींचे काय?