चांदीपुरा विषाणू आणि पेशीतील वाहतूक

चांदीपुरा हे नागपूरजवळचे गाव. १९६५ साली तेथील तापाच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. गावाचेच नाव त्याला मिळाले. पुढे बरीच वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूच्या तापाने ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली, तेव्हा तपासात हाच विषाणू हाती आला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला. ज्याचे नावच आपल्या मातीतले आहे, त्याचे पेशीतील वर्तन आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या या विषाणूची प्रथिने अवघी पाच : एन, पी, एम, जी आणि एल. ती बनतात आपल्याच पेशीच्या रायबोझोमवर. जी सोडून बाकीची चार पेशीद्रव्यातच तयार होतात. जी प्रथिनाचा प्रवास मात्र लांबचा. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला पत्ता लिहिल्यासारखी एक छोटी साखळी असते. ती ओळखून रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेला जोडला जातो आणि प्रथिन बनता बनताच आत ओवले जाते. तेथे त्याला शर्करेच्या साखळ्या लागतात, घडी बसते, तीन-तीन रेणू एकत्र येतात. घडी चुकली तर माल पुढे सुटत नाही, एस. टी. स्टँडवर पत्ता नसलेले पार्सल पडून राहावे तसे. घडी नीट असेल तर पटलाच्या इवल्या पिशव्यांतून ते गॉल्गी संकुलात व तेथून पेशीपटलावर पोचते. तेथे एम प्रथिनाच्या मदतीने नवे विषाणू कळीसारखे फुटून बाहेर पडतात.

हे कळले कसे? चांदीपुराचा एक भाऊबंद गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणतो. त्याच्या एका उत्परिवर्तित जातीचे जी प्रथिन ४० अंश सेल्सियसला जालिकेत अडकून राहते आणि ३२ अंशांवर आणले की सगळे एकदम निघते. इतकी सोयीची चावी निसर्गात क्वचितच मिळते! १९८० च्या दशकात जेम्स रॉथमन यांनी याच विषाणूचे जी प्रथिन घेतले. एका पेशीच्या गॉल्गीत शर्करा जोडणारे विकर नव्हते, दुसरीच्यात होते. पेशी फोडून दोन्ही परीक्षानळीत एकत्र करताच प्रथिनाला ती शर्करा लागली, म्हणजे एका गॉल्गीतून दुसऱ्यात माल गेला. पेशीतील वाहतुकीवरील कामासाठी २०१३ चे नोबेल रॉथमन, शेकमन व झ्यूडॉफ यांना विभागून मिळाले.

आम्हाला विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, मग ही वाहतूकच बंद का करत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. ब्रेफेल्डिन ए हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य ती बंद करतेही. पण विषाणूची स्वतःची वेगळी गाडी नसते; आपली इन्सुलिन, आपली प्रतिपिंडे त्याच रस्त्याने जातात. रस्ता अडवला तर रोग्याचीच पेशी उपाशी मरते. त्यामुळे संशोधकांचा भर प्रवास संपवून पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या जी प्रथिनावर आहे, कारण प्रतिपिंडांना ते गाठता येते. चांदीपुरावर खास औषध किंवा प्रचारातली लस अद्याप नाही. ताप, उलट्या, झटके सुरू झाल्यावर मूल एक-दोन दिवसांत, कधी त्याआधीही हातचे जाऊ शकते. म्हणून वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. रोग पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. त्या भेगा पावसाळ्यापूर्वी लिंपून घ्याव्यात आणि मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवावे.