पास काढावा की तिकीट?

शेवंताबाई लोकलने धुण्याभांड्याच्या कामाला जाते. आठवड्यातून चार दिवस. शेजारीण म्हणाली, "अगं, वर्षाचा पास काढ. लई स्वस्त पडतो." हाती पैसे नव्हते. सावकाराकडून आणावेत, असे शेवंताबाईच्या मनात आले. पण आधी तिने वही घेतली.

आपणही हिशेब करू. एका वेळचे तिकीट १० रुपये, महिन्याचा पास २१५ रुपये धरा. जाऊन येऊन रोज २० रुपये. अकरा दिवसांचे २२० झाले. म्हणजे अकरा दिवस गेले की पास वसूल! दहाच दिवस जायचे असेल, तर तिकीटच बरे. शेवंताबाई सोळा दिवस जाते. तिकिटाला ३२० रुपये लागले असते. पासामुळे १०५ वाचतात. मात्र एकाचा पास दुसऱ्याला चालत नाही, घरच्या माणसालाही नाही.

आता वर्षाचा पास. महिन्याचा पास १०० रुपये असेल, तर तीन महिन्यांचा २७०, सहा महिन्यांचा ५४० आणि वर्षाचा १,०८० रुपये पडतो. भागून पाहा. तिन्हींत महिन्याला ९० रुपयेच! वर्षाच्या पासाने रांगेच्या खेपा वाचतात, पैसे जास्त वाचत नाहीत.

"मग कर्ज कशापायी काढू?" शेवंताबाई म्हणाली. शिवाय मे महिन्यात ती गावी जाते. पासाची मुदत काही तिच्यासाठी थांबत नाही.

तूर्त तिने महिन्याचाच पास काढला. वाचलेले १०५ रुपये डब्यात टाकले. तीन महिन्यांच्या पासाला सुमारे ५८० लागतील.