दगड कोण सरकवणार?



मार्चअखेरचे हिशेब जुळवताना बहुतेक गटांत एखादं तरी नाव असं निघतंच. सहा-सहा महिने बैठकीला नाही, हप्ता थकलेला, रस्त्यात भेटली तर मान खाली घालून निघून जाते. या महिन्याच्या बैठकीत वाचायला ईस्टरची गोष्ट घेतली आहे, ती या ताईंसाठी.

ख्रिस्ती ताई चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. गुड फ्रायडेला येशूच्या मरणाची आठवण करतात आणि रविवारी पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर. तारीख दरवर्षी बदलते, कारण ती पौर्णिमेवर ठरते. २१ मार्चच्या सुमारास किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार. म्हणून हा सण कधी होळीच्या पाठोपाठ येतो, कधी हनुमान जयंतीच्या.

त्या रविवारी पहाटे कबरीकडे निघाल्या त्या बायकाच. मरिया मग्दालिया आणि तिच्या सोबतिणी, हातात सुगंधी द्रव्यं. मार्कच्या शुभवर्तमानात त्या वाटेत एकमेकींना विचारतात, कबरीच्या तोंडावरचा दगड आपल्याला कोण सरकवून देणार? उत्तर एकीकडेही नाही. तरी परत फिरत नाहीत. मला तर सगळ्या गोष्टीत हेच जास्त आवडतं. पोचतात तर दगड आधीच बाजूला झालेला. आत बसलेला तरुण सांगतो, येशू उठला आहे, जाऊन शिष्यांना सांगा, आणि पेत्रालाही.

पेत्राचं नाव वेगळं का? अटकेच्या रात्री त्याने तीनदा येशूची ओळख नाकारली होती आणि मग रडला होता. असा माणूस आपणहून परत यायला लाजतो. त्याला नावाने बोलवावं लागतं.

आता बांधावरचा कडुनिंब बघा. पाऊस अजून दोन महिने लांब, तरी उन्हात तांबूस पालवी. पाणी आलं कुठून? पानांतून पाणी उडून जातं. जुनी पानं गळली की तो खर्च थांबतो, मुळांनी खोलवरून ओढलेलं पाणी झाडात टिकतं आणि त्यावरच ते फुटतं. थकलेल्या ताईचा खर्च कुठे होतोय तेही असंच बघावं लागतं. आजारपण आहे, की दुसऱ्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता?

तर बैठकीत हजेरीचं रजिस्टर उघडा आणि गैरहजर ताईंची नावं मोठ्याने वाचा. जिचं जिच्याशी जमतं अशा दोघींनी घरी जाऊन यायचं. पहिल्या भेटीत वसुलीची वही न्यायची नाही, चहा प्यायचा, ऐकायचं. ती आली, तर हप्ता लहान करून मुदत वाढवायची का हे तिच्यासमोरच ठरवा, ठराव इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. बँकेचं कर्ज असेल तर आधी शाखेत विचारा, सोबत सीआरपी ताईंना न्या. त्या दिवशीची बचत मात्र तिने स्वतःच्या हाताने द्यावी, दुसरीने तिच्या नावावर भरू नये.

कोण कोण परत आलं ते पुढच्या बैठकीआधी मला कळवा.