सहीपूर्वी

तात्यापारा, रायपूर

चि. शरद यास,

तुझे पत्र पोचले. ज्या कंपनीच्या औषधाची चाचणी तुमच्या विभागात झाली तिनेच शोधनिबंधाचा मसुदा तयार करून पाठवावा, त्यावर तुझे नाव प्रथम आणि ज्यांनी एकही रुग्ण तपासला नाही त्या विभागप्रमुखांचे शेवटी असावे, व पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या भरायची म्हणून तू निमूटपणे सही करावीस, ही तजवीज तुला अस्वस्थ करते हे वाचून समाधान वाटले. सही करू नकोस.

का, ते सांगायला एक घरचेच उदाहरण घेतो. आपल्या छत्तीसगडात भात उभा असतानाच ओल्या शेतात तिवरा, म्हणजे लाखोळी, फेकून पेरतात. दुष्काळात महिनोन्महिने तीच खावी लागली की तिच्यातील विषाने धडधाकट माणसाचे पाय कायमचे अधू होतात, म्हणून १९६१ मध्ये केंद्र सरकारने तिच्या विक्रीस बंदी केली. पुढे येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे अल्पविषारी वाण सिद्ध केले, आणि बंदी उठवावी की नाही या वादात वाण काढणारा शास्त्रज्ञ, बियाणे विकणारा, डाळीचा व्यापारी, या सर्वांचेच काही ना काही गुंतलेले आहे. आपल्या वाणाच्या निर्धोकपणाची ग्वाही देणारा शास्त्रज्ञ बहुधा खरेच बोलत असेल. परंतु 'हा वाण माझा' हे त्याने आधी सांगितले, तरच त्या साक्षीचे वजन किती धरावे हे वाचकाला ठरवता येते. हितसंबंध असणे हा अपराध नव्हे, तो दडवणे हा आहे.

तू विचारतोस, औषध गुणकारी असेल तर मसुदा कोणी लिहिला याने काय बिघडते? लेट्रोझोलचे प्रकरण आठव. स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झालेले हे औषध २००३ च्या सुमारास देशातील चारशेहून अधिक स्त्रियांना वंध्यत्वासाठी, औषध-नियंत्रकांच्या परवानगीवाचून, दिले गेले आणि त्या अनुभवांचा उपयोग औषध खपविण्यासाठी झाला, असा जाहीर आक्षेप घेतला गेला. २०११ मध्ये सरकारने त्या उपयोगास मनाई केली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीत बीजकोशाच्या एका विकारात ते जुन्या औषधाहून सरस ठरले, आणि २०१७ मध्ये आपल्याकडची मनाई उठली. औषध चांगले निघाले. परंतु त्या चारशे जणींवर जे परवानगीवाचून झाले ते त्यामुळे रीतसर ठरले नाही, आणि औषध वाईट निघाले असते तर त्याची किंमत त्यांनीच मोजली असती. मसुद्याचेही तसेच आहे.

आता करायचे ते असे. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी आपल्याकडे २००७ पासून आहे व २००९ पासून सक्तीची. तिथे तुमच्या चाचणीचा मुख्य हेतू म्हणून जे नोंदले तेच मसुद्यात आहे, की नंतर सोयीचे निघाले ते पुढे ओढले आहे, हे ताडून पाहा. मूळ आकडेवारी माग. न मिळाल्यास नाव काढून घे. मानधन, प्रवासखर्च, परिषदेतला पाहुणचार, जे जे घेतले ते निबंधात लिही. विभागप्रमुखांना आदबीने आणि एकांतात विचार, 'सर, आपला उल्लेख आभारांत करू का?' ते रागावतील, पदोन्नतीही लांबेल; तेवढे सोसावे लागेल.

आकडेवारी हाती आली, तर रुग्णांची नावे वगळून ती घेऊन दिवाळीत इकडे ये. निबंध आपण पहिल्या ओळीपासून लिहू.

तुझा,
काका