नाताळची न्याहारी

नाताळच्या प्रातःकाळीं सर्व घर उपासनेस निघतें, आणि आई मात्र चुलीपाशीं राहते. आदल्या रात्रींच सॉसेज-अंड्यांचा कॅसरोल रचून ठेविल्यास हें टळतें.

पाव किलो सॉसेज चिरून पूर्ण शिजेपर्यंत परतावें व निवूं द्यावें. लोणी लाविलेल्या भांड्यांत पावाच्या आठ चकत्या व सॉसेज यांचे थर द्यावे. सहा अंडीं दोन पेले दुधांत फेसून, मीठ-मिरीं घालून, वर ओतावीं. रात्रभरांत पाव दूध शोषून घेतो. उपासनेहून परततांच 180 अंश सेल्सिअसवर सुमारें पाऊण तास भाजावें. अंड्यांतील प्रथिनें उष्णतेनें घट्ट होऊन थर सांधतात. मध्यभागीं घातलेली सुरी कोरडी निघाली म्हणजे झालें.

एक नियम मात्र मोडूं नये. दूध, अंडीं व मांस यांत रोगजंतु झपाट्यानें वाढतात. शिरूरची डिसेंबरांतील थंडी त्यांस आवरण्यास पुरेशी नव्हे. भांडें झांकून रेफ्रिजरेटरमध्यें, 4 अंशांच्या आंतच ठेवावें. तो नसल्यास रात्रीं केवळ पाव कापावा. बाकी सर्व सकाळीं करावें.

विद्यार्थिमित्रहो, हें काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं तुम्हींच अंगावर घ्या. दौंड स्थानकावरून रात्रपाळी करून येणाऱ्या पित्यास गरम घास मिळेल, आणि आईस पहिल्या गीतापासून उपासनेंत बसतां येईल.